स्पॅममध्ये पडून राहिलेले रिपोर्ट

“पेशंटला मेल बघता येत नाही, त्याला आपण काय करणार?” आमच्या लॅबचे मॅनेजर हे वाक्य इतक्या सहज बोलायचे की ऐकणाऱ्याला ते पटून जावं. आजही ते आठवलं की माझी कानशिलं तापतात.

सांगलीत विश्रामबागला आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. तिथं मी कॉम्प्युटरचं सगळं काम बघते. रक्ताचे नमुने घ्यायची केंद्रं साताऱ्याला आणि शिरवळला आहेत, तपासणी मात्र सांगलीतच होते. खर्च वाचावा म्हणून केंद्रांवरचे प्रिंटर काढून टाकले आणि रिपोर्ट थेट मेलवर जायला लागले. साताऱ्याच्या काउंटरवर बसणाऱ्या ताईंना स्क्रीनवर फक्त ‘पाठवला’ एवढंच दिसायचं. रिपोर्ट उघडायची सोय त्यांना ठेवलेलीच नव्हती.

एका सकाळी त्या ताईंचा फोन आला. “इथं एक सुभेदार आलेत, रिटायर झालेले. पाटणहून दुसऱ्यांदा हेलपाटा झालाय त्यांचा. मिसेसचा रिपोर्ट मिळाला नाही म्हणतात, आणि मला तर गेलेला दिसतोय. तुम्हीच बोला.”

सुभेदारांचा आवाज शांत होता. “ताई, आमच्या मंडळींच्या गळ्याला गाठ हाय. सुई घालून तपासायला घेतलंय तुमी. रिपोर्ट पोराच्या मेलवर जाणार व्हता. पोरगं फौजेत हाय, तिकडं वर. रोज मेल उघडून बघतंय, काय न्हाई आलं म्हणतंय. हितं आलो तर ह्या बाई म्हणत्यात, गेलाय. गेलाय तर मग गेला कुठं?”

मी त्यांना म्हटलं, मुलाला स्पॅम नावाच्या कप्प्यात बघायला सांगा. दुपारी ताईंनी परत फोन केला. रिपोर्ट सापडला होता. कर्जाच्या आणि लॉटरीच्या मेलच्या ढिगात आमच्या लॅबचा रिपोर्ट पडला होता, आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं: ताबडतोब सर्जनना दाखवावे. म्हणजे त्या बाईंच्या गळ्यातली गाठ कसली आहे हे आम्हाला माहीत होतं, आम्ही ते कळवलंही होतं, आणि तरी त्यांचा नवरा एसटीनं साताऱ्याला येऊन काउंटरसमोर उभा होता.

मी लगेच पडताळणीचे अहवाल उघडले. एखादा मेल खरोखर आमच्याकडूनच आलाय की आमच्या नावानं कुणी दुसऱ्यानं पाठवलाय, हे मेल घेणाऱ्या कंपन्या तपासतात. त्यासाठी आमच्या प्रत्येक मेलवर एक डिजिटल सही असते. ती सही पडताळायची किल्ली, आणि आमच्या नावानं मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे ती नोंद, या दोन्ही गोष्टी इंटरनेटवर सगळ्यांना दिसतील अशा ठेवलेल्या असतात. दोन्हीपैकी एकही जुळलं नाही तर मेल स्पॅममध्ये जातो. रोज किती मेल पास झाले हे त्या कंपन्या आम्हाला कळवतात आणि त्याचा आलेख आमच्याकडे दर सोमवारी तयार होतो. मी सोमवारची वाट न पाहता तो काढला. वर्षभर जवळजवळ सपाट असलेली रेघ मागच्या सोमवारनंतर दोन-तीन दिवसांत कोसळली होती.

मी लॅपटॉप उचलून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी आलेख बघितला आणि चष्मा काढला. “हे तर चांगलंच आहे की. कुणीतरी आपल्या नावानं खोटे मेल पाठवत असणार. ते पकडले जातायत.”

हे अगदीच अशक्य नव्हतं, म्हणून मी तेही तपासलं. नापास झालेले मेल कुठून निघाले होते ते एकेक करून पाहिलं. सगळे आमच्याच नेहमीच्या सर्व्हरवरून निघालेले होते. त्यात एकही चोर नव्हता.

मग मी विचारत सुटले, मागच्या आठ दिवसांत काय बदललं? कुणीच काही बदललं नव्हतं. हे मला ज्या हॉलमध्ये सांगितलं जात होतं तिथंच नव्या वेबसाइटच्या उद्घाटनाचा फ्लेक्स अजून लटकत होता, झेंडूच्या सुकलेल्या माळेसकट. मी वेबसाइट करणाऱ्या एजन्सीला फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, “आम्ही मेलला हातसुद्धा लावलेला नाही, मॅडम. तुमच्या मेलचंच सेटिंग बिघडलं असेल.”

हात लावला नव्हता म्हणे. वेबसाइट आपल्या सर्व्हरवर नेताना त्यांनी आमच्या नावाच्या सगळ्याच नोंदी, मेलच्यासुद्धा, तिकडं उचलून नेल्या होत्या. मी त्या उघडून बघितल्या. सहीची किल्ली म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ असते, ती चिकटवताना अर्ध्यातच तुटली होती. परवानगीच्या नोंदीत तर आमच्या सर्व्हरचं नाव काढून त्यांनी फक्त स्वतःच्या सर्व्हरचं घातलं होतं. जुनी माहिती काही कंपन्यांकडं थोडा काळ टिकून होती, म्हणून सगळे मेल एकाच दिवशी पडले नाहीत, आणि म्हणूनच कुणाला पटकन काही जाणवलं नाही.

मॅनेजरना हे सांगितलं तर ते म्हणाले, “संशय आला तर स्पॅममध्ये टाका, असं मेल कंपन्यांना आपणच कळवून ठेवलंय ना? ती सूचनाच काढून टाका. प्रश्न मिटला.”

“ती काढली तर उद्या कुणीही आपल्या नावानं खोटा रिपोर्ट पाठवेल आणि तो लोकांना खरा म्हणून पोचेल.”

“कोण पाठवतंय खोटे रिपोर्ट?”

“अहो, दोन तासांपूर्वी तुम्हीच म्हणालात, कुणीतरी पाठवतंय.”

मी स्कूटर काढून एजन्सीच्या ऑफिसात गेले. साहेबांनी तक्रार नोंदवायला सांगितली, उद्या बघू म्हणाले, चहा मागवला. मी म्हटलं, “चहा नको. ही ओळ आत्ता माझ्यासमोर पूर्ण करा. ती होईपर्यंत मी इथनं हलत नाही.” त्यांनी वैतागत लॉगिन केलं. मी किल्ली पाठवली, त्यांनी ती चिकटवली, मी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून घेतली. परवानगीची नोंदही दुरुस्त करून घेतली. पुढच्या दोन दिवसांत रेघ हळूहळू वर चढून पहिल्या जागी आली.

मॅनेजरच्या लेखी विषय तिथं संपला. पण स्पॅममध्ये आधीच गेलेले मेल आपोआप बाहेर येत नाहीत. काही दिवसांनी ते पुसले जातात. मी म्हटलं, सगळ्यांना फोन करायला हवेत.

“आपणच फोन करून बोंब मारायची का, आमचं चुकलं म्हणून?”

मी लॅबच्या मालक डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ज्यांचे मेल नापास झाले होते त्यांचे रिपोर्ट स्क्रीनवर एकेक करून वाचले. मध्येच एका रिपोर्टवर थांबले, मान न उचलता म्हणाले, “आजच सुरू करा. ज्यांचं बिघडलेलं आहे त्यांना आधी.”

साताऱ्याहून ताई आणि सांगलीतून मी, आम्ही दोघी फोन करत बसलो. काही जण चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं. शिरवळच्या कारखान्यात काम करणारी एक बाई मात्र म्हणाली, “रिपोर्ट आला नाही, तेव्हा मला वाटलं काही निघालं नसेल. काही असतं तर तुम्ही कळवलंच असतं ना?” तिची साखर भलतीच वाढलेली होती. आमच्यावर विश्वास टाकून ती निर्धास्त गोड चहा पीत होती. आणि आमचे मॅनेजर केबिनमध्ये म्हणत होते, पेशंटला मेल बघता येत नाही.

सुभेदारांच्या मंडळींचं ऑपरेशन मिरजेत झालं. गाठ पूर्ण निघाली. टाके काढायला आले तेव्हा सुभेदार वाट वाकडी करून आमच्या लॅबमध्ये आले, मला भेटायला. बसा म्हटलं तर उभेच राहिले.

“ताई, एक इचारायचं व्हतं. चूक कुणाची व्हती?”

मॅनेजर शेजारीच उभे होते. “थोडी तांत्रिक अडचण होती, सुभेदारसाहेब,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “आमची चूक होती. वेबसाइट बदलताना मेलच्या नोंदी तुटल्या आणि कुणी तपासल्या नाहीत. तुमच्या मुलाची काही चूक नव्हती.”

सुभेदारांनी मान हलवली. “त्येच पायजे व्हतं मला. पोराला मी लय बोललो फोनवर. आईचा रिपोर्ट बघायला तुला सवड न्हाई का, म्हणून. आता सांगतो त्याला.”

ते गेल्यावर मॅनेजर म्हणाले, एवढं सगळं सांगायची गरज नव्हती. महिन्याच्या बैठकीच्या टिपणात त्यांनी ‘तांत्रिक अडचण, निवारण झाले’ असं लिहिलं. त्याच बैठकीत नव्या वेबसाइटबद्दल एजन्सीच्या अभिनंदनाचा ठरावही झाला. मी टिपणावर सही केली नाही. सातारा आणि शिरवळच्या काउंटरवर प्रिंटर परत बसवा, असं पत्र मात्र त्याच दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. साताऱ्याला तो बसला. शिरवळसाठी मी अजून भांडते आहे.