बारा खुर्च्यांपैकी एक

यादी वाचताना पाळकांनी नवव्या नंबरवर माझं नाव घेतलं आणि मी बाकावरून जवळजवळ उठलेच. शेजारी बसलेल्या आईने पदर धरून खाली ओढलं. "बस गं," ती म्हणाली, "शाळेची मुख्याध्यापिका होतीस ना तू?"

होते. पण असल्या बाबतीत मी अजून तिसरीतच आहे. भायखळ्याच्या आमच्या मराठी चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी संध्याकाळी पाळक मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. प्रभूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. आपण कुणापेक्षा मोठे नाही हे कळावं म्हणून. आता गंमत बघा. त्या बारा खुर्च्या वेदीसमोर मांडतात, सगळ्यांना दिसतील अशा, आणि कुणाला बसवलं, कुणाला वगळलं यावरून आमच्याकडे वर्षभर अबोले चालतात. मी गेली कित्येक वर्षं त्या खुर्चीवर डोळा ठेवून होते. कधी उघड बोलले नाही, पण दर वर्षी यादी संपली की घरी येऊन भांडी आदळायचे.

तर या वर्षी लागला नंबर. मी दादरला जाऊन नवी साडी घेतली. मग एका पार्लरमध्ये दीड तास पाय बुडवून बसले, टाचा घासून घेतल्या, नखांना फिकट गुलाबी पॉलिश लावलं. घरी येऊन आईला पाय दाखवले. तिने चष्मा लावून नीट बघितले.

"धुवायचेत म्हणून धुऊन आणलेस होय?" ती म्हणाली.

मी चिडले. पण खरं सांगते, बाराही जण हेच करतात. दर वर्षी परातीतलं पाणी शेवटपर्यंत नितळ राहतं, हे मी पहिल्या बाकावरून स्वतः बघितलंय.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ती मूळची नगरकडची, लग्न करून डिलाईल रोडच्या चाळीत आली आणि परळच्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं आया होती. आया म्हणजे आया. बेडपॅन देणं, चादरी बदलणं, पेशंटला पुसून काढणं. वडिलांचं काम कधी असायचं, कधी नसायचं, माझं बी.एड. तिच्या पगारावर झालं. आणि मी काय केलं, तर लग्न जमवताना स्थळाच्या कागदावर 'आई: नर्स' असं लिहिलं. नवऱ्याला महिन्याभरात खरं कळलं. तो हसला आणि विसरून गेला. चर्चमध्ये मात्र मी ते तसंच चालू ठेवलं. सगळे आईला 'सिस्टर' म्हणायला लागले. उपासना संपली की बायका तिच्याभोवती गोळा व्हायच्या, माझं बीपी वाढलंय का बघा, ही गोळी घेऊ का. आई सगळ्यांना एकच उत्तर द्यायची: "डॉक्टरला दाखव बाई." ती एकदाही खोटं बोलली नाही. गप्प बसली. आणि इतकी वर्षं माझ्या पोटात एकच भीती, कुणाला कळलं तर.

गुरुवारी मी अर्धा तास आधी जाऊन खुर्चीत बसले. चप्पल काढली, पाय जुळवून ठेवले. मग पाळक आले ते कमरेला जाड पट्टा बांधून, एका हाताने भिंत धरत. तरुण माणूस, पण दोन दिवसांपूर्वी गॅसचा सिलिंडर उचलताना पाठ धरली होती. त्यांनी माइकवरून सरळ सांगून टाकलं, "मला वाकता येत नाही. मंडळीतल्या कुणीतरी पुढे येऊन हे काम करावं."

कुणी हललं नाही. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एकाने गुडघ्याला हात लावला, दुसऱ्याला सुटाची आठवण झाली. पाय धुऊन घ्यायला भांडणारी मंडळी, धुवायला एक जण उठेना. मीही नाही उठले. माझी तर खुर्ची होती ना.

आणि मागून आई येताना दिसली. पदर खोचलेला, हातात घड्याळ नाही, ते काढून पर्समध्ये ठेवलेलं. ती माझ्याकडे न बघता परातीपाशी गेली, पाण्यात बोट बुडवलं आणि म्हणाली, "हे गार आहे. गरम पाणी आणा कुणीतरी."

चहासाठी तापत ठेवलेलं पाणी आलं. तिने ते हळूहळू मिसळलं, कोपर बुडवून बघितलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि पहिल्या खुर्चीसमोर सरळ उकिडवी बसली. रिटायर झालेले मोठे साहेब होते ते. तिने त्यांची टाच तळहातावर घेतली आणि पाय धुतला. पाळक धुतात तसा वरून तांब्या ओतून नाही हं. बोटांच्या मधून, घोट्याच्या मागून, मग दाबून टिपून कोरडा केला आणि अलगद खाली ठेवला. साहेबांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी खुर्चीत बसून बघत होते आणि मला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं की हिला हे किती सुंदर येतं.

आठव्या खुर्चीवर, माझ्या शेजारी, एका पंचांच्या बायको होत्या. आईने त्यांचा पाय मांडीवर घेतला तशा त्या भारावून म्हणाल्या, "सिस्टर, नर्सिंगचं ट्रेनिंग काही लपत नाही बघा. कुठल्या वॉर्डला होता तुम्ही?"

पाळक तिथेच माइक धरून उभे. अख्ख्या चर्चला ऐकू गेलं.

आईचे हात थांबले. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, काही सुचवायला नाही. शाळेत 'बाथरूमला जाऊ का' विचारून मुली माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या, तशी ती वाट बघत होती.

मी उभी राहिले. त्या गुलाबी नखांच्या पायांवर, अनवाणी.

"ती नर्स नव्हती," मी म्हटलं. आवाज फाटला, पण थांबले नाही. "आया होती. तीस वर्षं. नर्स मी सांगितलं, तिने नाही."

पंचांच्या बायकोचा पाय आईच्या मांडीवर तसाच. त्यांनी तो ओढून घेतला नाही, हे मी त्यांचं कायम मानीन. आईने मान डोलावली आणि टाच धुवायला घेतली.

मग माझी पाळी. मी खुर्चीत परत न बसता तिच्या हातातला टॉवेल घ्यायला गेले. "आई, तू बस, मी धुते तुझे."

"गप बस वर," ती म्हणाली. "उरलेत अजून तिघं."

तिने माझे पाय धुतले. कुणी काय म्हणत असेल याचा त्या वेळी मला विसर पडला होता, आणि इतकं हलकं मला कधीही वाटलं नव्हतं.

परतताना टॅक्सीत मला गप्प बसवेना. लालबाग येईपर्यंत मी बडबडत होते, हसत होते, मधेच डोळे पुसत होते. शेवटी विचारलं, "त्यांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे का बघितलंस? सांगून टाकायचं ना सरळ."

आई पर्समधून घड्याळ काढून मनगटावर बांधत होती.

"मला कुठे लाज होती त्याची," ती म्हणाली. "लाज तुझी होती. म्हणून तुला विचारलं."