नळी बसेपर्यंत

“बाळ रडत नाहीये,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुलगी जन्मल्याचं आणि तिच्या आजाराचं, दोन्ही मला एकदमच कळलं.

राळेगावकडच्या खेड्यातून कळा सोसत मी यवतमाळच्या दवाखान्यात आले होते. अंगात त्राण उरलं नव्हतं. आजाराचं नाव ॲस्फिक्सिया, म्हणजे जन्मतानाच जीव गुदमरणं. त्यावर उपाय इन्ट्युबेशन. बाळाच्या श्वासनळीत बारीक नळी घालायची आणि हवा फुंकायची.

माझं रक्त थांबत नव्हतं. बाईंना मला सोडता येईना. बाजूला उभ्या शिकाऊ डॉक्टरला त्या म्हणाल्या, “तुम्ही घाला.”

दाराशी माझी सासू होती. “त्या पोराच्या हाती कायले देता? थो शिकून राह्यला अजून!”

त्याने नळी घातली, फुंकली.

“छाती हलते का?” बाईंनी विचारलं.

“नाही. पोट फुगतंय.”

“अन्ननळीत गेली. काढा. पुन्हा घाला.”

त्याने बाळाची मान सरळ केली, वाकून नीट पाहिलं. या वेळी इवलीशी छाती वर आली. बऱ्याच वेळाने पोर कण्हल्यासारखी रडली.

मग नुसतं थांबणं. कापसात गुंडाळलेली पोर दूध ओढत नव्हती. थेंब थेंब पाजावं लागे. आम्ही नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, जुने देव सोडले होते. व्हरांड्यात बसलेल्या सासूच्या ओठांवर जुना नवस येई, ती तो गिळून टाकी.

तो डॉक्टर रोज बाळाला बघायला येई. एकदा मी विचारलं, “डॉक्टरसाहेब, याच्या आंधी कोनाले घातली होती नळी?”

तो बाळाकडेच बघत म्हणाला, “दोघांना. पहिल्याला श्वासनळीची वाटच सापडली नाही. दुसऱ्याला सापडली, पण उशीर झाला.”

चिडायलाही माझ्यात बळ नव्हतं. सासूने मात्र सरकून त्याला बसायला जागा दिली. “बस बाबा,” म्हणाली.

पोर उशिरा चालली, पण चालली.

बायांनो, तुमच्या लेकरापाशी असा कोवळा डॉक्टर उभा राहिला, तर भीती वाटेलच. मलाही वाटली होती. त्याचे आणि बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पण पोर गाढ झोपली, छाती वरखाली होऊ लागली, की मला आधीच्या त्या दोन बाळांच्या आया आठवतात. त्यांचं नाव-गाव मला ठाऊक नाही. त्या रिकाम्या हातांनी घरी गेल्या.