पुसलेले नंबर

ती घटना आठवायला मला निमित्त लागत नाही. माझ्या टेबलावर बल्बसारखा दिसणारा, काचेचा एक जुना रेडिओ वाल्व आहे, तो दिसला की पुरे. त्या घटनेचा तपास यशस्वी झाला, पण त्याचं श्रेय माझं नाही. ज्याचं आहे त्याच्यावर मी हात उचलला होता.

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून जुन्या वाल्वची पेटी चोरीला गेली. फिर्यादीत वर्णन एवढंच होतं: पितळी बुडाचे जुने रेडिओ वाल्व, चौदा नग. दोन दिवसांनी खबऱ्याने सांगितलं, सीताबर्डीच्या फुटपाथवर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एकाच्या सक्करदऱ्यातल्या घरी असल्या काचांची ट्रंक भरली आहे.

झडतीत एकतीस वाल्व निघाले, प्रत्येक वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला. ट्रान्झिस्टर आल्यावर लोकांनी टाकून दिलेल्या रेडिओंतून आपण ते काढले, असं तो म्हणाला. पावती एकाचीही नव्हती. ठाण्यात आणून मी विचारपूस सुरू केली. विचारपूस हा सभ्य शब्द झाला. मी त्याला दोन थपडा मारल्या. तो फक्त म्हणत राहिला, कॉलेजचं रजिस्टर मागवा. ते मी पहिल्याच दिवशी मागवायला हवं होतं.

दुपारी वरिष्ठ मुद्देमाल पाहायला येणार होते. आमच्याकडची रीत म्हणजे, साहेब येणार तर माल स्वच्छ करून ओळीने मांडायचा. मी शिपायाला ओल्या फडक्याने सगळे वाल्व पुसायला सांगितलं. थपडांनी न रडलेला तो माणूस ते पाहून रडला.

“काहून पुसून राहिले जी? नंबर त्याच्यावरच असते. माह्यावाला पुरावा तोच होता.”

फडक्यावर फिकट शाई उतरली होती. तोवर सगळे वाल्व पुसून झाले होते.

तेवढ्यात आमचे कन्हानचे वयस्क हवालदार हळूच म्हणाले, “साहेब, याच्या नावाचा कागद तुमच्याच ड्रॉवरमध्ये आहे.” खरंच होता. सरकारी वायरलेस खात्यात मेकॅनिक म्हणून त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा अर्ज आठवडाभर माझ्याकडे पडून होता. वयोमर्यादेमुळे ही त्याची शेवटची संधी. अटक नोंदवून दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात उभं केलं असतं, तर ती नोकरी संपली होती.

मी कॉलेजातून डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे सामानाची नोंदवही, मागवलं. त्यात चौदाही वाल्वचे नंबर होते. पण आमच्याकडच्या काचांवर आता काहीच नव्हतं.

मी त्याला खुर्ची दिली आणि वाल्व निवडायला सांगितलं. त्याने डोळे पुसले आणि दुकानात बसल्यासारखा कामाला लागला. काळ्या बुडाचे, आठ पिनांचे बाजूला केले. हे फार नंतरचे, म्हणाला. मग पितळी बुडाचे वेगळे केले. त्यातल्या पाचांच्या डोक्यावर काचेचं बारीक टोक होतं. सुरुवातीच्या काळात आतली हवा वरून ओढून काच तिथेच वितळवून बंद करत, म्हणून ते टोक. पुढे ती जागा बुडात गेली आणि डोकं गोल झालं, असं त्याने समजावलं. पितळी बुडाचे एकूण नऊ निघाले. कॉलेजचे असलेच, तर ते या नवांतलेच.

“आता याहिचे नंबर कसे वाचायचे?” हवालदारांनी विचारलं.

त्याने एक वाल्व तोंडाजवळ नेला. “फुंकायचं नाही जी. चष्म्यावर करता ना, तसं ‘हाऽ’ करा.” त्याच्या श्वासाने काच धुरकट झाली आणि क्षणभर नंबर उमटला. शाई गेली होती, तिची खूण राहिली होती. तो वाचायचा, मी पडताळायचो, हवालदार लिहायचे. दोन वाल्वसाठी मीही श्वास सोडला. नऊपैकी एकही नंबर रजिस्टरात नव्हता.

मी काही बोलणार, त्याआधी तोच म्हणाला, “ज्याले वाल्व कळते तो हे चोरत नाही, साहेब. कॉलेजचे वाल्व आता कोणत्याच रेडिओत बसत नाही. नेणाऱ्याले पितळ पाहिजे असंल. भंगारवाल्याकडं पाहा.”

संध्याकाळपर्यंत एका भंगाराच्या दुकानात पेटी सापडली. पाच वाल्व पितळेसाठी फोडलेले, नऊ शाबूत. प्रयोगशाळेला चुना मारायला आलेल्या रंगाऱ्याने ते विकले होते. त्याने कबुली दिली.

मी स्टेशन डायरीत खरं ते लिहिलं: संशयावरून आणले, खुलासा समाधानकारक, सोडले. पडताळणीच्या अर्जावर ‘प्रतिकूल काही नाही’ असा शेरा मारून तो त्याच दिवशी पाठवला. डायरीत थपडा मात्र लिहिल्या नाहीत. त्या इथे लिहितो आहे. त्याची माफी मागायचं धाडसही मला त्या दिवशी झालं नाही.

नोकरीवर रुजू होण्याच्या आदल्या दिवशी तो ठाण्यात आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, टोकाचा एक वाल्व त्याने माझ्यासमोर ठेवला. तेव्हा मी सर्वांसमोर म्हणालो, “माझं चुकलं.” तो थोडा हसला.

“ठेवा साहेब. फक्त पुसू नका.”

पुढच्या सगळ्या नोकरीत मी मुद्देमालाला हात लावण्याआधी ज्याच्याकडून तो आणला त्याला विचारत आलो, याच्यात मला न दिसणारं काय आहे? त्या प्रश्नाने माझ्या हातून होऊ शकले असते असे कितीतरी अन्याय टळले. त्या माणसाचे उपकार मानायला मला दुसरी रीत सापडली नाही.

तो वाल्व माझ्याकडे आहे. बायको म्हणते, किती धूळ बसली त्यावर. बसू दे.