नर की मादी

उंदरांच्या खोलीत काकांची तीस वर्षं गेली. काल जन्मलेलं, शेंगदाण्याएवढं पिल्लू तळहातावर घ्यायचे, शेपूट जराशी वर करायचे आणि सांगून मोकळे, नर की मादी. भिंग लावून डॉक्टर चुकत, काका नाही. प्रयोगशाळेत त्यांना सगळे पारखी म्हणत. त्याचा त्यांना तोरा होता आणि खरं सांगतो, तो त्यांना शोभायचा.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दिसत नाही म्हटल्यावर आपल्याला कामावर ठेवील कोण, या भीतीने त्यांनी काकूंनाही पत्ता लागू दिला नाही.

त्या दिवशी मी सूक्ष्मदर्शकाखाली गाठी मोजत होतो. कर्करोगाच्या आधी स्तनग्रंथीत बारीक गाठी येतात; खाण्यातल्या तेलाने त्या वाढतात का, हे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम दोन वर्षं तपासत होत्या. त्यासाठी कधीच न व्यालेल्या माद्या हव्यात. मादी एकदा गाभण राहिली की ग्रंथीच बदलते, मग मोजमापाला अर्थ उरत नाही. तेल खाणाऱ्या माद्यांत गाठी दुप्पट निघाल्या. सहाव्या पिंजऱ्यात तर विचारूच नका. मॅडमचा चेहरा फुलला.

"आजच अहवाल पाठवते," त्या म्हणाल्या.

काका दारातच उभे होते. "पाठवू नका मॅडम. सहाव्यात माद्यांबरोबर माझ्या हातून नर ठेवला गेला होता. पिल्लं झाली. मी ती गुपचूप काढून टाकली."

मॅडम हसल्या.

"काका, थट्टा पुरे. तुम्ही चुकलात तर सूर्य पश्चिमेला उगवेल."

मला काकांचा असा राग आला. समोरच्याचा विश्वासच बसत नाही तर गप्प बसावं ना माणसाने. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मॅडमनी शेजारच्या, पैदाशीच्या पिंजऱ्यातून कालचं एक पिल्लू काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हं, सांगा बघू."

काहीही ठोकून दिलं असतं तरी निम्म्या वेळा बरोबरच येतं. बोला काहीतरी, असं मी मनात विनवत होतो. त्यांनी पिल्लू डोळ्यांजवळ आणलं, मग लांब धरलं. मग त्यांनी ते पिल्लू अलगद मॅडमच्या हातात परत दिलं.

"तुम्हीच बघा. मला वर्षभर दिसत नाहीये."

मॅडमनी पिल्लू पिंजऱ्यात ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "वर्षभरात बाकीच्या पिंजऱ्यांतले नर-मादी कोणी वेगळे केले?"

"मीच," काका म्हणाले.