चिरेखाणीची कडा, पंधरा दिवसांनंतरची

पुण्यात बसून नकाशा काढायचा आणि थेट छापायला द्यायचा, हा उद्योग करून मी एकदा हात पोळून घेतले होते. त्यामुळे २००८च्या डिसेंबरात रत्नागिरीचं काम आलं तेव्हा बायकोला, मेधाला, म्हटलं, "बॅग भर. पाय झिजवल्याशिवाय एकही रेघ मारायची नाही." काम होतं ओरिएंटिअरिंगच्या नकाशाचं. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातल्या खुणा शोधत पळायची ही शर्यत. मी जमीन तपासतो, मेधा संगणकावर नकाशा काढते.

स्टँडजवळच्या लॉजवर सामान टाकलं, ओळखीतून स्कूटर मिळवली आणि आरे-वारेच्या रस्त्याला लागलो. डावीकडे समुद्र असा की दर वळणावर मेधा म्हणे, "तू पुढे बघ!" जाणाऱ्यांनी पाणी मात्र भरपूर न्यावं. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, नुसता कातळ आणि वाळलं गवत, सावली औषधालाही नाही.

दिवसभर पावलं मोजत गडगे तपासले. नुसते दगडावर दगड रचलेले हे बांध, ना चुना ना सिमेंट, पण एक दगड हलेल तर शपथ! जुन्या उपग्रहचित्रात मला जे तळं वाटलं होतं, ती मात्र जांभा दगड कापून काढायची चिरेखाण निघाली. चांगली पंधरा फूट खोल.

"काय वो, काय मोजताव? जमीन घेताव की काय?" खाणीचे मुकादम यशवंतदादा वर आले. मी शर्यत समजावली.

"आनि पळून पोचायचं कुठं?"

"जिथून निघालो तिथंच."

ते पोट धरून हसले.

मला मात्र हसू येईना. खाण आणि दरी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतूनच कॉलेजची मुलं पळणार होती. नकाशा सोमवारी छापायचा, शर्यत पंधरा दिवसांनी, रविवारी, आणि खाणीची कडा रोज पुढे सरकणारी. फीत बांधली तरी पळणारा विश्वास ठेवतो नकाशावर.

यशवंतदादांनी थोडा विचार केला, दरीच्या बाजूला चालत गेले आणि पहार रोवली. "तुमच्या रविवारी कडा हितं आसल. मारा रेघ."

पहारेपासून दरीपर्यंत अडतीस पावलं भरली. मेधानं रेघ मारली. संध्याकाळी साठ रुपयांत सुरमईची थाळी, वर मागाल तितकी सोलकढी! पण जेवतानाही मी त्या अडतीस पावलांचाच हिशेब करत होतो.

शर्यतीच्या सकाळी आधी खाणीकडे धावलो. कडा बरोबर पहारेपाशी. पुन्हा मोजली, अडतीस! यशवंतदादा इस्त्रीचा शर्ट घालून शर्यत बघायला आले होते. मी त्यांचे हातच धरले. "दादा, काय अंदाज तुमचा!"

"अंदाज कसला डोंबलाचा! दगड मऊ लागला, गुरवारीच हितवर आलो. मंग मशीन त्या अंगाला फिरवलं. तुमी छापलंत ना?"

मुलं त्या पट्टीतून पळत गेली, सगळी सुखरूप परतली.

तो नकाशा आता मेधाच्या टेबलामागच्या भिंतीला लावलाय. बाकीच्या रेघा आम्ही जमीन बघून काढल्या. ही एक यशवंतदादांनी आमचा कागद बघून जमिनीवर राखली. कोपऱ्यात 'तपासणी व आरेखन' म्हणून नावं मात्र आमची दोघांचीच आहेत, आणि ते मला अजून खटकतं.