पाय धुऊन आत यावे

कॉम्प्युटरची पूजा माझ्याच हातून झाली, हे आधी कबूल करून टाकते. नव्वदच्या दशकाचा मध्य. सुरतेजवळ, पलसाण्याच्या बाजूला हायवेवरच्या एका डाईंग मिलमध्ये मी ऑपरेटर म्हणून लागले होते. वय बावीस. वडील बँकेत, बदलीने सुरतेत आलेले. माझ्याजवळ बी.कॉम. आणि सहा महिन्यांचा एक क्लास, एवढ्या भांडवलावर सगळी मिल मला ‘कॉम्प्युटरवाळा बेन’ म्हणायची आणि मला ते आवडायचं. शेठाणींनी कुंकू दिलं, मी मॉनिटरला लावलं. नारळ बाहेर ओट्यावर फोडला, आत पाणी उडायला नको म्हणून.

त्या खोलीचा थाट काय वर्णावा! अख्ख्या मिलमध्ये एसी दोनच. एक मोठ्या शेठच्या केबिनमध्ये आणि दुसरा या डब्यासाठी. काचेच्या भिंती, खाली क्रीम रंगाचा गालिचा, मशीनवर झालर लावलेलं कव्हर. दारावर पाटी : ‘चपला काढून, पाय धुऊन आत यावे.’ देवळातसुद्धा एवढं कुणी सांगत नाही. आणि हा कॉम्प्युटर आणला होता कशासाठी? तर कापडाच्या प्रत्येक लॉटला कुठला रंग किती ग्रॅम टाकायचा, ते काढून देण्यासाठी. म्हणजे ज्यांना तो लागणार, ती सगळी माणसं दिवसभर रंगाच्या पाण्यात उभी. अरे, क्रीम गालिचा घालताना कुणाला एवढंही सुचू नये?

सुचणार कसं! प्रोग्रॅम करणारे साहेब कन्सल्टंट होते. सुरतेच्या मे महिन्यात टाय लावून यायचे. छोट्या शेठशी बोलले, अकाउंटंटशी बोलले, महिन्याच्या शेवटी कुठले रिपोर्ट हवेत ते डायरीत टिपलं. कलर किचनमध्ये, म्हणजे रंग मोजून कालवायच्या खोलीत, एकदाच डोकावले आणि नाकाला रुमाल लावून परत फिरले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. चार महिन्यांनी प्रोग्रॅम आला. पिस्ता रंगाच्या एका लॉटसाठी चौदा रकाने, सगळे इंग्रजीत, त्यात व्यापाऱ्याचा फॅक्स नंबरसुद्धा. फॅक्स नंबर न भरता पुढे जायची सोय नाही. एक ओळ खोडायची तर तीन बटणं एकदम दाबायची. मी डाव्या हाताची तीन बोटं ताणून आणि उजव्या हाताने टेबलाला धरून ते करायची. एस्केप दाबलं की सगळं साफ, पुन्हा पहिल्यापासून. आणि साहेब अभिमानाने म्हणायचे, ‘हे फार युजर फ्रेंडली आहे.’ फ्रेंडली म्हणे! असा मित्र असला तर शत्रूची गरजच काय?

ज्याच्यासाठी हे सगळं, तो माणूस होता कलर मास्तर. धुळ्याकडचा, पन्नाशी गाठलेला, त्या मिलमध्ये अठरा वर्षं. मी त्यांना काका म्हणायची. ते मला ‘माय’ म्हणायचे. खानदेशात लेकीबाळीला असंच म्हणतात. माझ्याशी मराठी बोलता बोलता घाई झाली की अहिराणीवर घसरायचे. घोटे आणि तळपाय कायमचे जांभळट-निळे. त्यांची पद्धत साधी होती. कापडाचा ढीग हाताने दाबून बघायचा, रंगाची पावडर मोजायची, आणि मशीनमधून काढलेली चिंधी तळव्यावर वाळवून दारातल्या उजेडात धरायची. एका जाड वहीत प्रत्येक रंगाची चिंधी चिकटवून शेजारी ग्रॅम लिहिलेले. ती वही कन्सल्टंटने उघडूनही पाहिली नाही. प्रोग्रॅममध्ये चिंधी चिकटवायला जागा नव्हती ना!

काका बायको आणि मुलीसह मिलच्या आवारातल्याच एका खोलीत राहायचे. नोकरी तिथवर खोली, नोकरी गेली की खोली गेली. मुलगी दहावीला होती, परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. ‘एवढी दहावी सुरतमध्ये होऊ दे, मग गावले जावाले मी मोकळा,’ असं ते येता-जाता म्हणायचे. त्यांना दुसरं काही नको होतं.

नवीन नियम निघाला : कागदावर छापून येईल तेवढाच रंग टाकायचा. एक ग्रॅम जरी बदलायचा असेल तरी कॉम्प्युटर रूममध्ये यायचं आणि नवा कागद घ्यायचा. पहिल्याच आठवड्यात काका पाय धुऊन आत आले, तरी गालिच्यावर त्या दिवशीच्या लॉटचा लाल डाग पडला. रंग काय नळाखाली पाय धरून जातो? छोट्या शेठने सगळ्यांसमोर त्यांना साबण आणि ब्रश आणून दिला आणि गुडघ्यांवर बसवून तो डाग घासायला लावला. वडिलांच्या वयाच्या माणसाला! मी काचेआड बसून पाहिलं आणि गप्प राहिले, कारण माझी नोकरी नवी होती. त्यानंतर काका नळावर दहा-दहा मिनिटं पाय घासायचे, फडक्याने कोरडे करायचे आणि टाचांवर चालत आत यायचे.

तो लॉट पिस्ता रंगाच्या साड्यांचा होता, लग्नसराईतला. मी चौदा रकाने भरले, कागद छापला, कलर किचनमध्ये पाठवला आणि चहा घेतला. काकांनी कागदाप्रमाणे पावडर मोजली, बादलीत कालवली आणि कापडाकडे पाहिलं. पूर्वी असं झालं असतं तर त्यांनी अर्धी बादली बाजूला ठेवली असती, कुणाला कळलंही नसतं. आता नियम होता. कागद घेऊन ते माझ्याकडे निघाले. मी काचेतून पाहिलं, ते नळावर पाय धूत होते. मी हात केला, त्यांनीही केला. मी चहा पीत राहिले. उठून बाहेर जाऊन ‘काय झालं काका?’ एवढं विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

टाचांवर चालत ते आत आले आणि म्हणाले, ‘माय, हाई बरोबर नही. कापड अर्धं शे, रंग पुरा शे.’

मी स्क्रीन पाहिला. कापडाच्या वजनाच्या रकान्यात आधीच्या लॉटचं वजन तसंच बसलेलं. प्रोग्रॅम ते पुसतच नव्हता. नवा लॉट आला तरी जुना आकडा मुकाट्याने पुढे, आणि माझं बोट एंटर, एंटर, एंटर. मी अनवाणी धावले. पण तोवर शिफ्टच्या सुपरवायझरने कालवलेली बादली पाहिली, ‘कागळ प्रमाणे छे ने?’ म्हणाला आणि मशीनमध्ये ओतून मोकळा झाला. झाकण बंद, आत उकळतं पाणी. कुणी काही करू शकत नव्हतं. दुपारी साड्या निघाल्या त्या शेवाळाच्या रंगाच्या. कपाळ माझं!

दुसऱ्या दिवशी मोठ्या शेठच्या केबिनमध्ये सगळे जमले. शेठ, त्यांचा मुलगा, टाय लावलेले साहेब, मी आणि दाराशी काका. छोट्या शेठने सुरुवातच केली, ‘कॉम्प्युटर भूल ना करे. मास्तरे भूल करी.’ त्यावर साहेब गोड हसून म्हणाले की ऑपरेटरने प्रत्येक रकाना तपासायचा असतो, मॅन्युअलमध्ये लिहिलंय. नाचता येईना अंगण वाकडं! माझं डोकं असं फिरलं की मी नोकरीचीही पर्वा केली नाही.

मी म्हटलं, ‘साहेब, तुम्हीच एक लॉट भरून दाखवा. सगळ्यांसमोर.’

सगळी वरात काचेच्या खोलीत आली. शेठनी चपला काढल्या, साहेबांनी बूट काढले, मोज्याला भोक होतं. काका दाराबाहेर थांबले. साहेब बसले आणि बोलत बोलत रकाने भरत गेले. कसं सोपं आहे, कसं झटपट आहे, हे सांगत एंटर, एंटर, एंटर. कागद छापून आला. मी तो फाडला आणि शेठच्या हातात दिला. वजन जुन्याच लॉटचं. ज्याने बनवलं तोच त्यात तोंडावर आपटला! साहेबांचा चेहरा पाहून मला जो आनंद झाला, तो आजही लपवत नाही.

मग मी थांबायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला थांबवतं कोण? मी छाती पुढे काढून म्हटलं, ‘शेठ, तुमच्या या डब्याला जे कळलं नाही, ते या मास्तरांना नुसत्या नजरेने कळलं होतं. बादली कालवतानाच कळलं होतं. अठरा वर्षांचा डोळा आहे तो!’

मोठ्या शेठनी दाराकडे पाहिलं. ‘हें? तुला कळलं होतं?’

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग शेठकडे. ‘हो शेठ.’

‘मग थांबवलं का नाहीस?’

‘इथंच येत व्हतो, शेठ. पाय धूत व्हतो.’

छोट्या शेठने टाळी वाजवली. ‘जुओ पप्पा! ज्याला माहीत नव्हतं, त्याची चूक कशी म्हणायची? बेनला माहीत नव्हतं, साहेबांना माहीत नव्हतं. याला माहीत होतं आणि हा पाय धूत बसला!’

मी ओरडले, ‘पण पाटी तुमचीच आहे!’ कुणी ऐकलं नाही. व्यापारी माल परत पाठवणार होता, कुणाचं तरी नाव घेऊन त्याला शांत करायचं होतं, आणि ते नाव मी आयतं काढून दिलं होतं. साहेबांनी त्याच बैठकीत प्रोग्रॅम दुरुस्त करायचं कबूल केलं. दुरुस्ती काय, तर कागद छापण्याआधी आता स्क्रीनवर प्रश्न येणार : ‘खात्री आहे?’ तिसऱ्या दिवसापासून मी तो न वाचताच ‘हो’चं बटण दाबायला लागले.

काकांना आठवड्याभरात खोली सोडायला सांगितलं. बायकोचा भाऊ बारडोलीकडे होता, त्याच्या घरी सगळे जाणार होते. मुलगी दहावीला बसेल की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी गेले. मुलगी पुस्तकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती, माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मी काकांना म्हटलं की मला फार वाईट वाटतंय, मी तुमच्याच बाजूने बोलायला गेले होते. आणि पुन्हा एकदा त्या कन्सल्टंटच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली.

काकांनी दोरीची गाठ आवळली. आवाजात राग नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं.

‘मी शेठले सांगणार व्हतो, कागदावर व्हतं तेवढं टाकलं, माले काय कळस त्यातलं. कागदाप्रमाणे करनारा माणूस कुणी काढत नही. रात्री घरी तसंच ठरेल व्हतं आमनं. माय, बोलाना आधी एक डाव माले इचारी लेवानं व्हतं.’