नणंदबाई, वटवाघूळ आणि मगर
जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी शेजारी उभ्या करून त्यांतली एक नापास केल्याशिवाय आमच्या नणंदबाईंना घास गोड लागत नाही. जवसाची चटणी की तिळाची, देवळीचा बाजार की पुलगावचा, मी की माझी जाऊ, सगळे निकाल जागच्या जागी. नाचणगावात त्यांच्या घरामागच्या चिंचेवर वटवाघळांची वस्ती आहे. अंगणभर घाण पडते, शेजारी नाकं मुरडतात, पण बाईंना त्यांचा भारी अभिमान.

लेक सांगलीला दिली, तेव्हा जावयानं हौसेनं त्यांना कृष्णाकाठी नेऊन उन्हात पडलेली मगर दाखवली. बाईंनी ती निरखली आणि निकाल दिला. आमचं वटवाघूळ फळं खातं, रानभर बिया पेरतं, पिल्लाला छातीशी घेऊन उडतं. ही नुसती आ वासून पडलेली, अंडी वाळूत पुरून मोकळी. "तुमच्या नदीत पाहासारखं हेच हाय काय?" असं त्यांनी विचारल्यावर जावई हिरमुसला. पुढे फोनवरही दोघांचं बोलणं जेवढ्यास तेवढं.

मग लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बाईंनी खोलीला चुनाही लावून घेतला. पण लेकीचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी इतका लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं. बाईंना वाटलं, हे जावयाचंच काम. डिंकाचे लाडू घेऊन त्या भांडायलाच सांगलीला गेल्या. तिथं जावई बायकोचे सुजलेले पाय चेपत बसलेला दिसला. भांडण राहूनच गेलं.

लेकीला दवाखान्यात आत नेलं, तेव्हा बाहेर बाकावर दोघंच होती. वेळ जाईना म्हणून जावई सांगू लागला, की मगर अंडी पुरून जात नाही, जवळच राखण करत थांबते. पिल्लांचा आवाज आला की वाळू उकरते आणि त्यांना तोंडात धरून पाण्यात नेऊन सोडते.

"त्याच दातांत?" बाईंनी विचारलं.

"त्याच दातांत, आई."

"अन् लेकराले लागत नाई?"

"नाही लागत."

नात झाली. मायलेकी सुखरूप. बाई परतल्यावर मी विचारलं, आता वरचढ कोण?

"दोघी पास," त्या म्हणाल्या. "एक लेकराले घेऊन फिरते, एक पाण्यात सोडून देते. कधी ना कधी सोडाच लागते."

मग त्यांनी जावयाला फोन लावला. पलीकडे नात रडत होती, ती गप्प होईपर्यंत ऐकत राहिल्या. "मोठी झाली का तिले नदीवर नेजा," त्या म्हणाल्या. "तुमीच दाखवजा मगर. मी काई तवा तिथं नसन."

फोन ठेवून त्या मागच्या दारी गेल्या. अंधार पडत होता. वटवाघळं एकेक करून निघाली होती आणि कोणाच्या छातीशी पिल्लू आहे, ते खालून दिसत नव्हतं.